मनीची आंघोळ

जिथे मासळी तिथे मांजर. मालवणच्या किनाऱ्यावर हे कोणाला सांगायला नको. रापण किनाऱ्याला लागली की मांजरे वाळूवर येऊन बसतात. घरात बाई मासे कापायला बसली की मांजर तिच्या पायांत घोटाळते. मांजर असले की उंदीर कमी होतात. धान्य वाचते. जाळेही वाचते. म्हणून आपण मांजर पाळतो.

पण मांजराला आंघोळ घालावी का? घालावी तर केव्हा? आणि कशी? या पाठात आपण हे पाहणार आहोत.

घडले ते असे

देवबागेत एक मच्छीमार घर आहे. घरात आजी, आई, बाबा आणि दहा वर्षांची मुलगी. मुलीची एक मांजर आहे. पांढरीशुभ्र. तिचे नाव मनी.

मे महिना संपत आला होता. पाऊस जवळ आला होता. होड्या वर ओढून घेतल्या होत्या. त्यांच्यावर झाप घालण्याचे काम चालले होते. बाबांनी होडीचे मशीन उघडले. त्यातले जळके ऑइल एका डब्यात काढून ठेवले. डब्यावर झाकण ठेवायचे मात्र ते विसरले.

मनी उंदरामागे धावली. उडी चुकली. ती थेट डब्यात पडली.

मुलगी रडतच घरात आली. "आये, बग गो! मनी काळी झाली!"

मनी खरोखरच काळीकुट्ट झाली होती. पोट, पाय, शेपटी, सगळे ऑइलने माखले होते. आजी म्हणाली, "रडतंस कित्या? वायच राकेल लाय आणि फडक्यान पूस. ऑइल चटकन जातला."

आजीचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. हाताला ऑइल लागले की बाबा राकेलनेच हात पुसतात. मुलगी राकेल आणायला धावली. तेवढ्यात आईचे लक्ष मनीकडे गेले. मनी कोपऱ्यात बसली होती. एक पाय वर करून ती अंग चाटू लागली होती.

आई ओरडली, "राकेल नको! ती आंग चाटता बग. आंगार लावलेला सगळा पोटात जातला!"

आईने जुने लुगडे घेतले. मनीला त्यात गुंडाळले. फक्त तोंड बाहेर ठेवले. आता मनीला अंग चाटता येईना. मग आईने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला.

डॉक्टर म्हणाले, "गुंडाळून ठेवलेत हे फार चांगले केलेत. राकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन यांतले काहीही लावू नका. त्याने कातडी भाजते. पोटात गेले तर विष होते. साध्या कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. लगेच धुवा."

मांजराची जीभ म्हणजे फणी

आईने अंग चाटणे पाहिले आणि तिला नेमके कळले. यातच सगळे मर्म आहे.

मांजराने हात चाटला तर कसे वाटते? खरखरीत वाटते. त्याच्या जिभेवर बारीक बारीक काटे असतात. त्या काट्यांची टोके घशाच्या बाजूला वळलेली असतात. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे काटे नीट तपासले. प्रत्येक काट्याच्या टोकाला लहानशी पन्हळ असते, असे त्यांना दिसले. या पन्हळीत लाळ भरते. चाटताना ती लाळ केसांच्या मुळापर्यंत जाते. म्हणजे मांजराची जीभ ही फणी आहे आणि पाण्याचा तांब्याही आहे.

मांजर जागे असते तेव्हाचा बराचसा वेळ ते अंग चाटण्यात घालवते. म्हणून धडधाकट मांजराला आपण आंघोळ घालायची गरज नसते. त्याची आंघोळ रोज चालूच असते.

पण याच गोष्टीत धोका आहे. माणसाच्या अंगाला काही लागले तर ते अंगावरच राहते. मांजराच्या अंगाला जे लागते ते त्याच्या पोटात जाते. मग ते ऑइल असो, फिनेल असो, की आपण प्रेमाने लावलेले औषध असो.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जे मांजराला खायला देणार नाही, ते त्याच्या अंगावर राहू देऊ नये.

आंघोळ केव्हा घालावी?

मांजराच्या अंगाला ऑइल, डिझेल, रंग, डांबर, चुना, सिमेंट किंवा फिनेल लागले तर त्याला धुवावे. ते गटारात पडले तर धुवावे. म्हातारे किंवा फार लठ्ठ मांजर स्वतःचे अंग चाटू शकत नाही. त्याला ओल्या फडक्याने पुसावे. पिसवा फार झाल्या तरी आंघोळीचा उपयोग होतो.

आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला पाण्यात घालू नये. त्याला थंडी लवकर बाधते. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावे आणि लगेच कोरडे करावे. आजारी किंवा गाभण मांजराला आंघोळ घालण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

उगाच, हौस म्हणून मांजराला न्हाऊ घालू नये. मांजराचे मूळ पूर्वज कोरड्या मुलखातले. त्यांना पाण्यात उतरायची सवय नाही. शिवाय मांजराचे केस दाट असतात. भिजले की लवकर सुकत नाहीत. मग ते गारठते. आपल्याकडे पावसाळ्यात तर आपले कपडेसुद्धा चार चार दिवस सुकत नाहीत!

आधी तयारी

आईने घाई केली नाही. मनी आजीच्या मांडीवर लुगड्यात होती. आईने सगळे साहित्य आधी न्हाणीघरात नेऊन ठेवले. मांजर भिजल्यावर टॉवेल शोधत फिरायची पाळी येऊ नये.

साहित्य असे होते.

१) एक रुंद टोप. त्यात चार बोटे कोमट पाणी.
२) कोमट पाण्याची एक बादली आणि एक तांब्या.
३) टोपाच्या तळाला घालायला गोणपाटाचा तुकडा.
४) भांडी घासायचा सौम्य पातळ साबण, एक चमचा. तो तांब्याभर पाण्यात कालवलेला.
५) दोन कोरडे टॉवेल आणि एक लहान फडके.
६) बारीक दातांची फणी.

पाणी किती ऊन असावे? तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना आपण कोपर बुडवून पाहतो. तसेच पाहावे. मांजराच्या अंगाचा ताप मुळातच आपल्यापेक्षा थोडा जास्त असतो. साधारण ३८ ते ३९ अंश. म्हणून थंड पाणी त्याला फार गार लागते. पण कढतही नको.

गोणपाट कशाला? टोप गुळगुळीत असतो. पाय घसरला की मांजर घाबरते. गोणपाटात नखे रुतवून ते स्थिर उभे राहते. नखे गोणपाटात रुतली की आपले हातही वाचतात.

मनीच्या अंगावर ऑइल होते. म्हणून भांड्यांचा साबण वापरला. तो तेल सोडवतो. अंगावर नुसता चिखल असेल तर तो नको. लहान मुलांचा सौम्य शाम्पू किंवा मांजरांसाठी मिळणारा शाम्पू पुरे. कपड्यांचा साबण किंवा सोडा कधीही वापरू नये. रिठा आणि शिकेकाईसुद्धा नको. ती डोळ्यांत झोंबते, हे आपल्याला ठाऊक आहेच.

आंघोळ

आईने न्हाणीघराचे दार लावून घेतले. आत तिघीच होत्या. मुलीला ताकीद दिली, "हळू बोल. आरडाओरड करू नको. तू घाबरलंस तर ती पण घाबरतली."

आजीने मनीला दोन्ही हातांनी धरले. एक हात छातीखाली आणि एक हात खांद्यांवर. मानगुटी धरून लोंबकळत उचलले नाही. मोठ्या मांजराला तसे उचलले तर त्याला इजा होते.

मनीला हळूच टोपात उभे केले. ती एकदा ओरडली. आजी तिच्याशी बोलत राहिली. आईने तांब्याने पाठीवर थोडे थोडे पाणी सोडले. डोक्यावर पाणी ओतले नाही. कानांत, नाकात पाणी जाऊ दिले नाही.

मग साबणाचे पाणी लावले. आधी मानेभोवती, मग पाठ, पोट, पाय आणि शेवटी शेपटी. केस ज्या बाजूला वळलेले असतात त्याच बाजूला हात फिरवला. काळे पाणी टोपात जमले. ते ओतून टाकले. पुन्हा साबण, पुन्हा पाणी. तीन वेळा असे केले. मग नुसत्या स्वच्छ पाण्याने धुतले. पाणी निवळ येऊ लागले आणि केसांचा बुळबुळीतपणा गेला, तेव्हाच आई थांबली. कारण साबण अंगावर राहिला तर तोही पोटात जाणार.

तोंड मात्र नुसत्या ओल्या फडक्याने पुसले.

लगेच टॉवेलात गुंडाळले. खसाखसा चोळले नाही. दाबून दाबून पाणी टिपले. एक टॉवेल भिजला की दुसरा घेतला. वारा लागू नये म्हणून मनीला घरातच ठेवले. चुलीच्या उबेला बसवले, पण विस्तवापासून लांब. अंग सुकल्यावर आजीने तिला बांगड्याचा एक तुकडा दिला. काटे काढून दिला हो!

मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर आंघोळ तिथेच थांबवावी. त्याला टॉवेलात घेऊन शांत होऊ द्यावे.

डांबर किंवा घट्ट वंगण चिकटले असेल तर आधी त्यावर खोबरेल तेल चोळावे. ते मऊ होते. मग फडक्याने निपटून काढावे आणि वर सांगितल्याप्रमाणे साबणाने धुवावे. केस सुटत नसतील तर ओढू नयेत.

बाटलीवरची अक्षरे

धुताना आईला आणखी एक गोष्ट दिसली. मनीच्या पांढऱ्या केसांत तपकिरी किडे पळत होते. त्या पिसवा होत्या.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका आले. त्यांच्याकडे कुत्रा आहे. त्यांनी एक लहान बाटली आणली. म्हणाले, "ह्या औषद लाय. आमच्या कुत्र्याच्यो पिसवो एका दिवसात गेल्यो."

काकांचा हेतू चांगला होता. मुलीने बाटली उघडलीसुद्धा. आई म्हणाली, "थांब. आदी माका वाचूक दी."

आई गेल्या वर्षापासून साक्षरता वर्गाला जाते. तिने बाटली उजेडात धरली. अक्षरे बारीक होती. बरीचशी इंग्रजी होती. पण एका बाजूला आपली अक्षरे होती. आई बोट ठेवून वाचू लागली.

"फ... क्त. फक्त. कु... त्र्यां... साठी. फक्त कुत्र्यांसाठी."

खाली औषधाचे नाव होते. तेही तिने वाचले. "प... र... मे... थ्रि... न. परमेथ्रिन."

आईने बाटलीचे बूच लावले. "काकानू, रागवू नकात. ह्या औषद माजराचा न्हय."

काका म्हणाले, "कुत्रो काय आणि माजर काय, दोनय जनावराच मां?"

आईने डॉक्टरांना पुन्हा फोन केला. फोन मोठ्या आवाजावर ठेवला. डॉक्टर म्हणाले, "वाचलेत म्हणून मांजर वाचले! परमेथ्रिन कुत्र्याला चालते. मांजराचे शरीर ते पचवू शकत नाही. थोडेसे लागले तरी मांजर थरथरते. त्याला झटके येतात. पुष्कळदा ते मरते."

मग डॉक्टरांनी आणखी नावे सांगितली. फिनेल लावू नये. कार्बोलिक साबण लावू नये. डांबराच्या गोळ्या मांजराजवळ ठेवू नयेत. तंबाखूचे पाणी लावू नये. काही लोक पिसवांवर हे उपाय करतात. पण ही सगळी मांजराला विषे आहेत. फिनेलने जमीन पुसली तर ती पूर्ण सुकेपर्यंत मांजराला त्यावर फिरकू देऊ नये. नाहीतर पायाला लागलेले फिनेल ते चाटते.

मग पिसवांना काय करायचे? साधा उपाय आहे. रोज बारीक फणीने मांजर विंचरावे. फणीत आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्या. पिसवांची अंडी मांजराच्या अंगावरून खाली पडतात. ती गोधडीत आणि जमिनीच्या फटींत साठतात. म्हणून मांजर बसते ते फडके, ती गोधडी कढत पाण्यात धुवावी. कडक उन्हात वाळवावी. घर कोपरान् कोपरा झाडावे. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांकडून मांजराचेच औषध घ्यावे.

काका गप्प बसून ऐकत होते. जाताना ते म्हणाले, "बाटलेर इतक्या लिवलेला असता, ह्या माका ठावकच नाय." आई म्हणाली, "वर्गाक येवा मगे."

नखे लागली तर

मांजर घाबरले तर ओरबाडते. कधी चावते. हे हसण्यावारी नेऊ नये. पिसाळण्याचा रोग कुत्र्यापासून होतो तसा मांजरापासूनही होतो. हा रोग एकदा जडला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण लस वेळेवर घेतली तर रोग टळतो. फ्रान्स देशात लुई पाश्चर यांनी १८८५ साली ही लस प्रथम एका मुलाला टोचली. तो मुलगा वाचला.

म्हणून मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तंबाखू काही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे आणि डॉक्टर सांगतील तितकी इंजेक्शने पुरी घ्यावीत. मांजराला दरवर्षी पिसाळण्याविरुद्ध लस टोचून घेतली तर घरातल्या सगळ्यांचाच धोका कमी होतो.

मनी आता कशी आहे?

आईने दोन दिवस मनीवर लक्ष ठेवले. डॉक्टरांनी तसे सांगितले होते. लाळ गळते का? खोकते का? ओकते का? खाणे सोडते का? यांतले एक जरी दिसले असते तर मनीला पिशवीत घालून दवाखान्यात न्यायचे ठरले होते. ऑइल पोटात गेले असेल तर मांजराला मुद्दाम ओकायला लावू नये, हेही डॉक्टरांनी बजावले होते. ओकताना ऑइल फुप्फुसात जाण्याची भीती असते.

पण मनी बरी होती. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा उंदरामागे धावली.

बाबांनी ऑइलच्या डब्यावर झाकण घातले. वर दगडही ठेवला. आईने एक कागद घेतला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, "मांजरास लावू नये." तो कागद तिने फिनेलच्या बाटलीला चिकटवला. आईने घरासाठी लिहिलेली ती पहिलीच ओळ. आजीला वाचता येत नाही. पण बाटली हातात घेतली की आता आजी आधी विचारते, "गो, हय काय लिवलाहा?"

लक्षात ठेवा

१) धडधाकट मांजराला आंघोळीची गरज नसते.
२) मांजराच्या अंगाला लागलेले त्याच्या पोटात जाते.
३) ऑइल किंवा विषारी वस्तू लागली तर मांजराला आधी फडक्यात गुंडाळा. मग धुवा.
४) राकेल, फिनेल, तंबाखूचे पाणी लावू नका.
५) कुत्र्याचे औषध मांजराला लावू नका.
६) औषध वापरण्याआधी बाटलीवरचे वाचा. वाचता आले नाही तर वाचून घ्या.

प्रश्न

१) मनीच्या अंगाला ऑइल कसे लागले?
२) आईने राकेल का लावू दिले नाही?
३) टोपाच्या तळाला गोणपाट का घातले?
४) बाटलीवर आईने कोणते दोन शब्द वाचले?
५) मांजर चावल्यास पहिल्यांदा काय करावे?
६) तुमच्या घरातली एक औषधाची बाटली घ्या. तिच्यावरचे जेवढे वाचता येईल तेवढे वाचा. ते वहीत लिहा आणि वर्गात सांगा.